पिपला सांगा

भालकीत बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटी रंगवायला दिली तेव्हा पेंटरला जागा कमी पडली, म्हणून त्यानं एकेक काम एकेका भाषेत वाटून टाकलं. झेरॉक्स कानडीत, लॅमिनेशन मराठीत आणि ऑनलाइन अर्ज इंग्रजीत. त्यामुळे दुकानात काय काय मिळतं हे सगळं कळायचं तर गिऱ्हाइकाला तिन्ही लिप्या यायला लागतात. उर्दूला जागाच उरली नाही. उर्दूवाले सरळ आत येऊन विचारतात, "क्या क्या होता जी हियाँ?" आणि त्यांनाच तेवढं सगळं नीट कळतं.

हल्ली दुकान चालतं ते झेरॉक्सवर नाही, फोटोवर. कुठलाही अर्ज भरा, त्याला फोटो लागतो आणि तो ५० केबीच्या आत लागतो. लोक आणतात तो मोबाइलमधला, ४ एमबीचा, मागे तुरीचं शेत, बाजूला बैल. ४ एमबीचा माणूस ५० केबीत बसवणं म्हणजे अख्खं वऱ्हाड एका टमटममध्ये बसवणं. बसतं, पण उतरल्यावर कोण कुणाचा ते ओळखू येत नाही. मी पेंट उघडायचो, आकार कमी करायचो, सेव्ह करायचो, बघायचो. ५३. पुन्हा. ५१. पुन्हा. ३८, आणि नाक गेलेलं.

आक्काचा मुलगा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात येऊन बसला, माझी ही झटापट दोन फोटोंपर्यंत बघितली आणि म्हणाला, "मामा, तुमी हे हातानं करायलाव?" जणू मी अजून जात्यावर दळत होतो. दहा मिनिटांत त्यानं त्याच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या. एका फोल्डरात शंभर फोटो टाकायचे, बटण दाबायचं, शंभरही ५० केबीच्या आत, नाकासकट. मी स्वतः बघितलं. माझ्या कॉम्प्युटरवर कुणा मेकॅनिकनं कधीकाळी पायथन टाकून ठेवलेलं होतं, ते हुडकून त्यानं डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून दिला, फाइल पेन ड्राइव्हनं उतरवली, "आता नुसतं डबल क्लिक करा" म्हणाला आणि हुमनाबादच्या गाडीत बसला. चालवून बघितलं का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाहुण्याला जाताना असलं विचारत नाहीत.

सोमवारी सकाळी एक तात्या आले. खेड्यातले, धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पहाणी. शेताच्या कामाचा अर्ज होता. मी म्हटलं, "तात्या, बसा. दोन मिनिटं." आणि ऐटीत डबल क्लिक केलं.

एक काळी चौकट उघडली आणि मिटली. वीज चमकून जावी तशी. पुन्हा क्लिक, पुन्हा वीज. तात्यांनी आकाशाकडं बघितलं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, आधी सीएमडी उघडा आणि त्यातून चालवा, म्हणजे चौकट मिटणार नाही. तसं केल्यावर इंग्रजीच्या पाच-सहा ओळी खाली आल्या. मी वरून वाचायला लागलो तर तो म्हणे, "खालून वाचा मामा. खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतंय." ठीक आहे. आमच्याकडं उर्दू उजवीकडून वाचतात, हे खालून. शेवटची ओळ होती: मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल.

याचं कानडी फार सोपं आहे: इल्ला. नाही. सीमाभागात राहणाऱ्याला आयुष्यात पहिला कळणारा कानडी शब्द हाच. खिडकीवर गेलात की काच सरकायच्या आधी ऐकू येतो. भाच्यानं सांगितलं की २०१६ पर्यंत पायथनही असलं काही झालं की मोघम 'इम्पोर्ट एरर' एवढंच म्हणायचं. त्या वर्षअखेरीच्या ३.६ आवृत्तीपासून 'वस्तूच सापडत नाही' असं वेगळं सांगायला लागलं. म्हणजे आधी नुसतं इल्ला होतं, आता कारणासहित इल्ला. सुधारणाच म्हणायची.

"पण दहा ओळींच्या प्रोग्रॅमला आणखी वस्तू कशाला लागते?" मी विचारलं.

"दहा ओळीत फोटो बारीक होत नाही मामा. ते काम दुसऱ्यानं लिहून ठेवलंय, आपण नुसतं त्याला हाक मारायची."

हे मला पटलं. बीदरचं बिद्रीकाम घ्या. जस्त-तांब्याचं भांडं ओतलं, घासलं, वेल कोरली, चांदीची तार ठोकून बसवली. सगळं कसब कारागिराचं. पण भांडं काळं होतं ते किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळवून लावली की. चांदी तशीच लखलखते, बाकी सगळं काळं. ती माती बरोबर आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. तर सगळ्या कसबाच्या शेवटी अडतं ते चिमूटभर मातीवर, आणि ती माती आपण केलेली नसते. कॉम्प्युटरवाल्यांचंही तसंच. २०१६ च्या मार्चमध्ये एकानं चिडून ११ ओळींचं आपलं एक पुडकं बाजारातून काढून घेतलं. अक्षरांच्या डावीकडं रिकामी जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण जावास्क्रिप्टवर चालणारी जगभरची मोठमोठी कामं त्या दिवशी आडवी झाली. शेवटी बाजारवाल्यांनी ते पुडकं परत मांडलं तेव्हा गाडं चालू झालं.

"मग आता काय करू?"

"पिपला सांगा."

"कोण पिप?"

तात्या सावरून बसले.

पिप हा पायथनचा सामान आणणारा गडी. २००८ साली इयान बिकिंग नावाच्या माणसानं त्याला कामाला लावला. 'पिप इन्स्टॉल' म्हणून वस्तूचं नाव लिहायचं, की तो इंटरनेटवरच्या ठोक बाजारात जाऊन वस्तू आणून घरात ठेवतो. त्या बाजाराचं टोपणनाव 'चीजचं दुकान'. पायथन हे नाव अजगरावरून नाही, मॉन्टी पायथन नावाच्या इंग्लंडच्या विनोदी मंडळींवरून पडलेलं. त्यांच्या एका नाटुकल्यात गिऱ्हाईक चीजच्या दुकानात जाऊन एकामागून एक प्रकार मागतं आणि दुकानदार प्रत्येकाला गोड शब्दांत नाही म्हणतो. दुकानात चीजच नसतं. स्वतःच्या बाजाराला कौतुकानं हे नाव घेणाऱ्या लोकांकडून माझी काय अपेक्षा असणार? तरी मी लिहिलं, पिप इन्स्टॉल पीआयएल.

कॉम्प्युटर म्हणाला, पिप कोण, मी ओळखत नाही.

"मामा, पायथन टाकताना मेकॅनिकनं 'पाथ'वर टिक केलेली नसणार." म्हणजे माणूस घरात राहतो, पण पोस्टमनकडं पत्ता नाही. पडताळून बघायला मी नुसतं 'पायथन' असं लिहिलं, तर खिडकी उघडली ती मायक्रोसॉफ्टच्या दुकानाची. घरातल्या माणसाला हाक मारावी आणि शेजारच्या दुकानदारानं 'या, बसा' म्हणावं, तसं. शेवटी नवीन पायथन उतरवून, टाकताना ती छोटी टिक मारून, दुपारपर्यंत पिप हाकेला ओ द्यायला लागला. तात्या जेवायला म्हणून गेले, ते दुसऱ्या दिवशी आले.

दुसऱ्या दिवशी पिप बाजारात जाऊन हात हलवत परत आला. पीआयएल नावाची वस्तू बाजारात नाही.

"मामा, पीआयएल मागू नका. पिलो मागा."

"पिलो म्हणजे उशी?"

"हौ, उशीच."

"पण तू प्रोग्रॅमात पीआयएल लिहिलास."

"तिथं पीआयएलच लिहायचं. मागताना पिलो मागायचं."

कुणा पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं डोकं धरलं असतं. मला काहीच वाटलं नाही. पीआयएल हे मूळ फोटोचं काम करणारं पुडकं. २००९ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. अलेक्स क्लार्क आणि मंडळींनी ते दत्तक घेऊन पिलो नावानं नव्यानं चालवलं. पण जगभर लोकांच्या प्रोग्रॅमात जुनंच नाव लिहिलेलं, ते बदलायचं कुणी? म्हणून बाजारात पिलो, घरात पीआयएल.

आता आमच्याकडं बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. विद्यापीठ मात्र गुलबर्गा विद्यापीठच राहिलं. लोकसभेचा मतदारसंघ गुलबर्गा. तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही गुलबर्ग्याच्या नावानं. म्हणजे तिकीट कलबुर्गीचं काढायचं, उतरून गुलबर्गा विद्यापीठात जायचं आणि येताना गुलबर्ग्याची डाळ आणायची. कुणाची गाडी चुकत नाही. लातूरच्या पाहुण्यांना जमिनीचा कागद हवा असला की ते 'सातबारा आण' म्हणतात. इथं कचेरीत सातबारा मागितला तर इल्ला. पहाणी मागितली की तोच कागद समोर येतो. आम्ही जन्मभर मनात एक नाव आणि खिडकीवर दुसरं नाव घेऊन फिरतो. भाचा म्हणाला, अशा आणखीही वस्तू आहेत: हाक मारायची सीव्ही-टू, मागवायचं ओपनसीव्ही-पायथन, हाक एसकेलर्न, मागणी सायकिट-लर्न. मी म्हटलं, चालू दे. आम्ही सरावलेले आहोत.

उलटं मात्र सांभाळायला लागतं, नाव एक आणि वस्तू दोन. चालुक्यांची राजधानी, विज्ञानेश्वरानं जिथं मिताक्षरा लिहिली, ते आमचं कल्याण. आता बसवकल्याण म्हणतात म्हणून बरं. आमच्या एका चुलत्याच्या मुंजीला निघालेले मुंबईकडचे पाहुणे तिकीट खिडकीवर नुसतं 'कल्याण' म्हणाले आणि तासाभरात ठाणे जिल्ह्यात पोहोचले, असं घरात अजून सांगतात. पिपच्या बाजारात तर हे मुद्दाम करतात. नामांकित पुडक्याच्या नावात एक अक्षर मागंपुढं करून भलतंच सामान मांडून ठेवतात, तुमचं बोट घसरायची वाट बघत. म्हणून नाव लिहिताना मी चष्मा पुसून घेतला.

पिप इन्स्टॉल पिलो. पट्टी सरकली. सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. मी तात्यांना म्हटलं, "झालं." शॉर्टकट दाबला.

नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल.

इथं माझा तोल सुटला. वस्तू आणलेली आहे, पावती आहे, गडी शपथेवर सांगतो की ठेवली, आणि मालक म्हणतो इल्ला. फोनवर भाचाही जरा वेळ गप्प. मग त्यानं मला 'पाय', मग उणे शून्य आणि पी, असं काहीतरी लिहायला लावलं. त्याबरोबर कॉम्प्युटरनं घरातल्या पायथनांची यादी दिली. दोन! एक मेकॅनिकचं जुनं, एक काल मी टाकलेलं नवं. शॉर्टकटवर पत्ता जुन्याचा होता. पिप नव्याचा. त्यानं सामान बरोबर आणलं, पण उतरवलं दुसऱ्या घरी.

हे समजून घ्यायला मला कलबुर्गीच्या पोराची गरज नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातल्या आमच्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईला. जहीराबाद, नारायणखेड आंध्राला. माझी आत्याआजी उदगीरला दिलेली. ती रात्री झोपली ती माहेरच्याच जिल्ह्यात आणि सकाळी उठली ती परराज्यात, उशी न हलवता. तेव्हापासून आमच्या घराचे निम्मे कागद तिकडं उतरतात आणि गरज इकडं पडते. पोरगं मराठीतून शिकायचं म्हणून मामाकडं उदगीरला जातं, दाखला महाराष्ट्राचा येतो, आणि इथली खिडकी म्हणते, हे आमच्या यादीत नाही. खोटा कागद नाही, हरवलेला नाही, दुसऱ्या फोल्डरात आहे. या सीमेच्या प्रकरणी सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा चालू आहे, म्हणून मी अधिक बोलत नाही.

पायथनवाल्यांचा तोडगा मात्र कोर्टाहून लवकर मिळाला. पिपला रस्त्यातून हाक मारायची नाही. ज्या पायथनला वस्तू पाहिजे त्यालाच आधी उठवायचं, आणि त्याच्या तोंडून पिपला सांगायचं: पायथन, उणे एम, पिप, इन्स्टॉल. मग गडी दुसऱ्या घरी जाऊच शकत नाही. आम्ही नव्यालाच कारभारी केलं आणि शॉर्टकटवरचा पत्ता बदलला.

चाललं. तात्यांचा फोटो ४६ केबी. नाक, मिशी, टोपी, सगळं जागेवर. पण तोवर संध्याकाळ झाली होती, अर्जाची साइट पडलेली होती आणि तात्या शेवटच्या गाडीनं गेले होते.

त्या रात्री मला मोह झाला. भाच्याच्या ओळी वाचून आपणही काही लिहावं. फोटो आडवा असला तर उभा करावा, एवढंच. एक नवीन फाइल केली आणि विसरायला नको म्हणून तिचं नाव ठेवलं पीआयएल डॉट पीवाय. सकाळी माझी फाइल चालेना आणि तिच्याबरोबर भाच्याचीही बंद. यावेळी मजकूर वेगळा: पीआयएलमध्ये इमेज सापडत नाही.

"मामा, काल रात्री काय केलाव?" पोरगं आता डॉक्टरसारखं विचारायला लागलं होतं.

पायथन कुठलीही वस्तू शोधताना पहिल्यांदा प्रोग्रॅमाच्या स्वतःच्या फोल्डरात बघतं. मग आपल्या कोठीत. पिपनं बाहेरून आणलेलं सामान सगळ्यात शेवटी. आमच्या वाड्यात 'आण्णा' म्हणून हाक मारली की तीन माणसं ओ देतात, आणि सर्वांत आधी देतो तो ओसरीवर बसलेला, ज्याचा काही उपयोग नसतो. तसं माझं पीआयएल दारातच बसलं होतं. भाच्याच्या प्रोग्रॅमनं 'पीआयएल' म्हणून हाक मारली, हे म्हणालं 'आलो', आणि खरी उशी आत कोठीत पडून राहिली. गंमत म्हणजे कुठल्या फाइलनं ओ दिली तिचा पूर्ण पत्ता त्या चुकीच्या ओळीतच कंसात दिलेला होता. मी वाचला नव्हता. कंसातलं कोण वाचतं? फाइलीचं नाव बदललं, सगळं सुरळीत.

भाच्याला मी म्हटलं, तुमच्याकडं तरी हे सगळं सरळ चालत असेल. तर तो खिन्न हसला. त्याच्या खोलीतल्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. तिथं पिपला काही आणायला सांगितलं की यंत्र म्हणतं, हे घर बाहेरच्यांच्या देखरेखीखाली आहे, हात लावू नका. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी हे सोवळं काढलं. कारण यंत्राची स्वतःची कामंही त्याच पायथनवर चालतात, पोरांनी आणलेल्या सामानानं मुदपाकखाना बाटायला नको. आणि सोवळं मोडायचंच असेल तर त्यालाही एक कलम आहे, त्याचं नावच मुळी 'सिस्टीमचं सामान मोडा' असं आहे. बोटानं ते पूर्ण लिहिल्याशिवाय मोडता येत नाही. सोवळ्यात पळवाट ठेवायची आणि पळताना पाप मोठ्यानं उच्चारायला लावायचं, ही युक्ती आमच्या आज्जीला सुचली नव्हती.

यावर शहाण्यांचा मार्ग म्हणजे वेगळी चूल. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथन ती स्वतःच मांडून देतं. प्रत्येक कामाला आपलं फोल्डर, आपलं पायथन, आपलं सामान. नको झालं की फोल्डर पुसून टाका, वाटणीचा दावा नाही. वर सामानाची यादीही लिहून ठेवतात, वस्तूच्या नावापुढं आवृत्तीसकट. लग्नाच्या याद्या करताना आमचे आचारी लिहून घेतात ना, डाळ गुलबर्ग्याचीच, गेल्या साली दिलेली नको, तसं. मी म्हटलं, बाळ, हे दिवाळीतच केलं असतंस तर? तो म्हणाला, "माझ्याकडं चालायलं होतं की मामा." हे वाक्य त्यांना कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवत असावेत.

तिसऱ्या दिवशी तात्या आले तेव्हा सगळं सज्ज होतं. साइट उभी, फोटो ४६ केबी, लाइट आहे. फोटो चढला. हिरवी टिक आली. मी पुढचं बटण दाबलं.

नाव जुळत नाही.

आधार कार्डावर तात्यांचं नाव इंग्रजीत, आडनाव शेवटी. पहाणीत कानडीत, मध्ये 'तंदे' घालून बापाचं नाव, आणि आडनाव नाहीच. माणूस तोच, शेत तेच. मी खुर्चीत मागं टेकलो. तात्यांना सांगितलं की आता कचेरीत जाऊन दुरुस्ती करून आणायला लागेल, आणि इथं माझा काही इलाज चालत नाही.

तात्या रागावले नाहीत. तीन दिवस बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. उठले, बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेली वीसची नोट काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

"अर्जाचे पैसे नकोत तात्या, अर्ज गेलाच नाही."

"तुमचे न्हाईत," तात्या म्हणाले. "त्या पिपला च्या पाजा. तीन दिस झालं बघायलोय, तुमी दोघं मामा-भाचे नुसतं त्यालाच पळवायलाव."

ती नोट अजून गल्ल्यात वेगळी ठेवली आहे.